पडछायांचं जनमत

आमटोल्याला पॅसेंजर हवी की नको, हे आमटोल्यातल्या एकाही माणसाला न विचारता ठरलं. आणि ठरलं ते आमच्याच मतानं. असल्या गोष्टी फक्त सरकारला जमतात आणि फक्त आमच्यासारख्या गावात खपतात.

मी हेमलता डोंगरवार. ग्रामीण रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झाले. गावात मला अजून मेट्रनबाईच म्हणतात, तोंडावर. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. नोकरीभर मी एकच गोष्ट शिकले. पेशंट 'गोळी घेतली' म्हणाला की पहिल्यांदा त्याची उशी उचलून बघायची.

आमच्या गावाला रूळ आहेत, स्टेशन आहे, स्टेशनावर पाटीही आहे. नाही ती फक्त गाडी. म्हणजे मालगाडी आहे. खाणीतलं मँगनीज भरून ती दिवसातून चारदा गावाला हादरे देत जाते. पूर्वी एक पॅसेंजर होती, ती साथीच्या वर्षांत 'तात्पुरती' बंद झाली आणि सरकारी 'तात्पुरती'चा अर्थ गावाला कळायला पुढची बरीच वर्षं गेली. नागपूरहून येणारी पॅसेंजर आता खैरी जंक्शनला येऊन थांबते, तिथं रात्रभर उभी राहते आणि सकाळी रिकाम्या डब्यांनी परत जाते. ती आणखी पाऊण तास पुढं आमटोल्यापर्यंत आणावी, एवढीच आमची मागणी. खैरीपर्यंत आम्ही जीपनं जातो. जीपवाला दहा माणसांच्या जागेत सोळा कोंबतो आणि सतराव्याला टपावर बसवून वर त्याच्यावरच उपकार केल्यासारखं तोंड करतो.

या मागणीसाठी गावात एक कृती समिती होती. समितीनं कृती कधी केली नाही, फ्लेक्स मात्र लावले. अध्यक्ष नामदेवराव हटवार, निवृत्त ग्रामसेवक. प्रत्येक फ्लेक्सवर त्यांचाच फोटो असायचा, हात जोडलेला. उपाध्यक्ष मी. मला फ्लेक्सवर यायचं नव्हतं. मला गाडी हवी होती, आणि त्याचं कारण मी कुणाला सांगत नव्हते. सगळ्यांचं कारण तेच होतं.

माझा मुलगा प्रणय नागपूरला असतो. बायको पल्लवी, मुलगी मिहिका. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी तो म्हणतो, "गाडी असती ना आई, तर दर शनिवारी आलो असतो. जीपमध्ये मिहिकाला उलट्या होतात गं." पोरगी आता नऊ वर्षांची झाली. जीपमध्ये ती बसली एकदाच, तीन वर्षांची असताना. पण मी ही उशी उचलून बघितली नव्हती.

*

गेल्या वर्षी सरकारनं लोकमत घ्यायची जुनी पद्धत बंद केली. आधी माणसं घरोघर जाऊन विचारायची, "गाडी सुरू झाली तर तुम्ही जाल का?" लोक म्हणायचे, जाऊ की. फुकटच्या प्रश्नाला 'नाही' कोण म्हणेल? गाड्या सुरू व्हायच्या आणि रिकाम्या धावायच्या. तेव्हा नव्या प्रवासी मागणी प्राधिकरणानं 'पडछाया' नावाची प्रणाली आणली.

ती काय आहे ते मी समजून घेतलं, कारण समितीतल्या बाकी कुणाला समजून घ्यायची हौस नव्हती. आपण दिवसभर खुणा सोडत असतो. फोन कुठं गेला, कुठं किती थांबला, कोणाचा कॉल लगेच उचलला, कोणाचा वाजू दिला, तिकीट काढून कधी रद्द केलं, सुट्टीच्या दिवशी काय मागवून खाल्लं. या खुणा वर्षानुवर्षं साठतात. त्यातून यंत्र त्या माणसाची एक गणिती प्रतिकृती तयार करतं. तिचं नाव पडछाया. ती बोलते काय याला महत्त्व नाही, ती वागते कशी हे बघायचं.

मग त्या पडछायेला एका कल्पित वर्षात सोडतात. त्या वर्षात सगळं आहे तसंच असतं, फक्त एक बदल करतात: गाडी सुरू आहे. आता हिचं पाऊल कुठं वळतं ते बघा. एकदा नव्हे, हजार वेळा, कारण एका वर्षात घरी आजारपण येतं, दुसऱ्यात लग्न निघतं. या हजार वर्षांची सरासरी म्हणजे त्या माणसाचं मत. जिथं गाड्या आधीच सुरू झाल्या होत्या, तिथं यंत्राचा अंदाज आणि प्रत्यक्ष गर्दी यांत फारसा फरक निघाला नाही. प्राधिकरण खूश झालं. लोकांना न विचारता लोकमत मिळायला लागलं, यापेक्षा सरकारला आणखी काय हवं असतं?

सगळ्यांच्या पडछाया चालवायला वीज आणि पैसा फार लागतो, म्हणून नियम केला: घरटी तीन नावं द्यायची, जे या गाडीनं प्रवास करतील त्यांची. त्यासाठी बाजार समितीच्या सभागृहात नोंदणी शिबिर लागलं.

आणि इथं आमटोल्यानं जी माती खाल्ली, ती फक्त आमटोलाच खाऊ शकतो.

एकाही घरानं घरातल्या माणसाचं नाव दिलं नाही. झाडून सगळ्यांनी बाहेरगावच्या मुलांची नावं दिली. पुण्यातला, हैदराबादचा, नागपूरचा, बंगळूरचा. नाव, हुद्दा, कंपनी, छाती फुगवून. यंत्राला हुद्द्याशी काही कर्तव्य नव्हतं, तरी लोक सांगत होते. रोज खैरीच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींची नावं कोणाच्या डोक्यात आली नाहीत. नामदेवरावांनी माईकवरून जाहीरच केलं होतं, "आपुन काय, हातपाय हाय तोवर जीपनं जाऊ. गाडी पाह्यजे येनाऱ्यायसाठी. मोठ्या मोठ्या पोझिशनच्या पोरायची नावं दिसली पाह्यजे सरकारले!"

माझ्यापुढं रांगेत वच्छला मेश्राम होती. तलावातली मासोळी घेऊन ती रोज सकाळी खैरीच्या बाजाराला जाते. मासोळी शिळी असली तरी ताजीच्या भावानं गळ्यात मारते, आणि नको म्हटलं तर चारचौघांत आवाज चढवते. रोज जीपवाल्याशी टोपलीच्या भाड्यावरून भांडण. या गावात गाडीची खरी गरज कोणाला असेल तर तिला.

"वच्छला, तुझं नाव दे," मी म्हटलं.

"माह्यं कायले बाई?" ती दचकली. "माहा पोरगा पुन्यात हाय ना. त्याचं टाकतो. मासोळीवालीचं नाव सरकारात कोन वाचन?"

मी तिला मूर्ख म्हटलं. मग पुढं झाले आणि प्रणय, पल्लवी, मिहिका अशी तीन नावं दिली.

*

निकाल सांगायला प्राधिकरणाचा अधिकारी आला. सारंग बेडेकर, वय तिशीच्या आत, बूट असे की आमच्या धुळीला त्यांच्यावर बसायची लाज वाटावी. सभागृहात गाव लोटलं होतं. नामदेवरावांनी हारतुरे मागवून ठेवले होते, पेढेही.

पडद्यावर आकडा उमटला. नोंदवलेल्या प्रवाशांपैकी शंभरात चार जण गाडीनं येतील.

"कोठी गडबड झाली," नामदेवराव म्हणाले. "शंभरात चाळीस असन. शून्य राह्यला."

"नाही सर, चारच," बेडेकर म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. वाईट बातमी द्यायला आम्ही नव्या नर्सेसना शिकवायचो तसला. "आपण दिलेल्या व्यक्ती गाडी असली तरी इकडे येणार नाहीत, असा निष्कर्ष आहे. त्यामुळे विस्ताराचा प्रस्ताव..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. सगळे एकदम बोलायला लागले. माझा मुलगा दर फोनला म्हणतो. माझी सून म्हणते. माझा नातू तर रडतो यायला. प्रत्येकाजवळ तेच वाक्य होतं, आणि तोवर प्रत्येकाला वाटत होतं की ते फक्त आपल्या मुलाचं आहे.

"आमचा वैभव सोता म्हनते, बाबा, गाडी पाह्यजे फक्त!" नामदेवराव ओरडले. "तुमची मशीन बोगस हाय. दाखवा वैभवची छाया! दाखवा सगळ्यायसमोर!"

बेडेकरनं समजावून पाहिलं. म्हणाला, नोंदवणाऱ्याला तो अधिकार आहे, मुलांनी फोन घेताना संमती दिलेलीच असते, पण एकांतात बघितलेलं बरं. पडछायेला कारण विचारता येतं आणि ती त्या माणसाच्या बोलण्याच्या सवयीवरून त्याच्याच आवाजात उत्तर जुळवते. ते त्याचं उत्तर नसतं. विचारलं असतं आणि त्यानं खरं सांगितलं असतं, तर काय सांगितलं असतं, ते असतं.

"मंग मोठ्यानं लावा," नामदेवराव म्हणाले आणि गावाकडं तोंड करून हात बांधून उभे राहिले, जणू फोटो काढायचा होता.

वैभव हटवारचं कल्पित वर्ष पडद्यावर सरकलं. गाडी सुरू. फेऱ्या: एक, दिवाळीत, स्वतःच्या कारनं, मुक्काम नाही. मग आवाज आला. हैदराबादेत राहून हेल बदललेला, पण वैभवचाच.

"बाबा दारातूनच सुरू होतात. रोडवरच्या जागेच्या कागदावर सही कर, सही कर. गेलो की सही मागतात, नाही गेलो की रडतात. फोनवर रडलेलं परवडते."

सभागृह हसलं. काय हसलं! बायका पदर तोंडात कोंबत होत्या, पोरं बाकावर हात आपटत होती. नामदेवरावांचे हात तसेच बांधलेले राहिले. मीही हसले. मला तो माणूस कधीच आवडला नव्हता.

मग हळूहळू हसू थांबलं, कारण बेडेकरनं विचारलं, "आणखी कोणाला बघायचंय?"

एकही हात वर झाला नाही. मघाशी यंत्राला बोगस म्हणणारं गाव आता त्या यंत्राकडं बघतसुद्धा नव्हतं. ज्याला खरंच ते खोटं वाटत होतं, त्यानं उठून विचारायला काय हरकत होती?

*

बेडेकरनं शेवटची तरतूद वाचून दाखवली. आज पाच वाजेपर्यंत नावं बदलता येतील. एक नाव काढायचं, त्याजागी दुसरं घालायचं. त्यानंतर प्रस्ताव कायमचा बंद.

"म्हणजे आमची नावं देता येतील?" मी विचारलं.

"अर्थात. तुम्ही प्रवास करणार असाल तर." तो थोडा घुटमळला. "खरं सांगू का मॅडम, आम्हाला आश्चर्यच वाटलं होतं. गावातल्या एकानंही स्वतःचं नाव का दिलं नाही?"

"तुमच्या आई-वडिलांना विचारा. कुठं असतात?"

"चिपळूणला."

"तुमची पडछाया काय म्हणते?"

त्याचे कान लाल झाले. "प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांच्या पडछाया वगळलेल्या आहेत."

वगळणारच. औषध देणारा स्वतः ते पीत नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय.

घड्याळात साडेतीन झाले, चार झाले. गाव बसून होतं. गाडी समोर उभी होती म्हणायला हरकत नाही. फक्त एक काम करायचं होतं: उठायचं, व्यासपीठावरच्या यंत्रापुढं जायचं आणि सगळ्यांच्या देखत आपल्या मुलाचं नाव काढायला सांगायचं. तेवढं कोणाच्यानं होईना. नाव काढलं म्हणजे तो येणार नाही हे आपल्या तोंडानं कबूल केलं. त्यापेक्षा गाडी न आलेली बरी. गाडी आली नाही, तर मुलगा गाडीमुळं येत नाही. हे गणित त्या सभागृहात प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं आणि त्या सगळ्या चेहऱ्यांची मला शिसारी आली. भित्रे, दांभिक, आपल्याच लेकरांच्या थापांवर जगणारे.

म्हणून मी उठले. यांच्यासारखी मी नाही, हे दाखवायला उठले. खरं सांगायचं तर त्यावेळी मला खात्री होती की माझा प्रणय त्या शंभरातल्या चारांत असणार.

"आधी पडछाया बघायची आहे," मी म्हटलं. "हेडफोनवर."

प्रणयचं वर्ष यंत्राच्या छोट्या पडद्यावर सरकलं, फक्त मला आणि बेडेकरला दिसेल असं. फेऱ्या: शून्य. हजारही वर्षांची सरासरी शून्य. यंत्रानं विचारलं, कारण ऐकायचंय का? मी बटण दाबलं.

प्रणयचा आवाज. वाक्य संपताना खाली जाणारा, लहानपणापासून तसाच.

"आई वाईट नाही. पण तिच्यासमोर बसलो की मी वॉर्डातला पेशंट होतो. काय खाल्लं, का खाल्लं, पल्लवीनं हे असं का ठेवलं. ती ओरडत नाही. ओठाचा एक कोपरा वर करते, बस. तेवढ्यात माणूस कवडीमोल होतो. मागे एका लग्नात भेटली, तेव्हा मिहिकाच्या दातांवर बोलली. तेव्हापासून पोरगी तोंडावर हात ठेवून हसते. गाडी असो नाहीतर विमान, मी तिला तिकडे नेणार नाही. आणि आईला हे सांगायची माझी हिंमत नाही. तिला वाईट वाटेल."

मी हेडफोन काढला, पदरानं पुसला, जागेवर ठेवला. मागं गाव श्वास रोखून होतं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं, पण माझं तोंड त्यांना वाचायचं होतं. मी ते वाचू दिलं नाही. प्रणय लहान असताना एकदा तापानं फणफणला होता आणि मी ड्यूटीवर होते, तेव्हासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती.

"नाव काढा," मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कोणाचं?"

"प्रणय डोंगरवार. पल्लवी. मिहिका. तिघांचीही."

सभागृहात कोणीतरी 'अरे बापा' म्हटलं.

"त्यांच्या जागी?"

"हेमलता डोंगरवार. एकच."

यंत्रानं माझ्या खुणा गोळा केल्या, आणि वर्ष सुरू झालं. मला वाटलं होतं दोन-चार फेऱ्या निघतील. त्याच छोट्या पडद्यावर आलं: नागपूर, महिन्याला एक फेरी, सकाळी जाणं, संध्याकाळी परत.

"छान," बेडेकर म्हणाला. "मुलाकडे जाल."

मी खाली बघितलं. थांबण्याचं ठिकाण दाखवायची एक ओळ होती. नागपूर स्टेशन, फलाटावरचं बाकडं. त्याच्यापुढं कुठंच नाही. माझी पडछाया गाडीतून उतरत होती, बाकड्यावर बसत होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत होती. हजारही वर्षं, न चुकता.

बेडेकरनंही ते वाचलं. त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "कारण ऐकायचंय?"

"नको," मी म्हटलं. माझं कारण मला ठाऊक होतं. न बोलावता दारात उभी राहणारी बाई मी नाही.

मी खाली आले तेव्हा वच्छला उभी होती. डोळे पुसत होती आणि शिव्याही देत होती. नेमकं कोणाला, ते कळत नव्हतं.

"काढ रे बापू त्या पुन्याच्या शहाण्याचं नाव!" ती बेडेकरला म्हणाली. "माह्यं टाक. वच्छला मेश्राम. मी तं रोज जातो. टोपलीचं तिकीट लागन का, थेबी आताच सांग!"

तिच्यामागं बायका उठल्या. मग कॉलेजच्या पोरी उठल्या. पुरुष बसून राहिले. नामदेवरावांनी तर पाच वाजेपर्यंत वैभवचं नाव काढलं नाही. अजूनही ते सांगतात की यंत्र बोगस होतं.

*

त्या रविवारी प्रणयचा फोन आला. गाव काय म्हणतं, तब्येत कशी आहे, मिहिकाची परीक्षा. मग मी विचारलं, "गाडी झाली तर येशील ना रे?"

"म्हणजे काय आई! दर शनिवारी."

इतकं सहज. जरासुद्धा अडखळला नाही. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, धारदार, एका वाक्यात त्याला उघडा पाडणारं. शून्य फेऱ्या, प्रणय, हजार वर्षांत शून्य. ते वाक्य मी बोलले असते, तर पुढच्या रविवारी फोन आला नसता हे मला त्या क्षणी कळलं, आणि इतकी वर्षं मी हेच करत आले हेही कळलं. त्याची थाप ही त्याच्याजवळ माझ्यासाठी उरलेली शेवटची माया होती. तिचा मला राग आला, किळस आली, आणि ती गमावायची माझी तयारी नव्हती.

"बरं," मी म्हटलं.

'बरं' वर थांबणारी आई त्याला नवी होती. "आई, ठीक आहेस ना?"

"ठीक आहे. ठेव."

*

गाडी सुरू झाली. काठावर पास झालो, असं बेडेकरनं कळवलं. उद्घाटनाला आमदार आले, नामदेवरावांचा फ्लेक्स लागला. 'यांच्या अथक प्रयत्नांना यश'. हात जोडलेले. मी तिथं गेले नाही. दुसऱ्या शनिवारी सकाळी तिकीट काढून डब्यात चढले. वच्छला टोपली घेऊन दारातच बसली होती, सगळ्या डब्याला वास, आणि नाक मुरडणाऱ्या एका बाईला ती सुनावत होती. खैरीला उतरताना तिनं मला विचारलं, "पोराकडं का बाई?"

"काम आहे," मी म्हटलं.

नागपूरला उतरले. माणसं धावत होती, कोणाला कोणाचं देणंघेणं नव्हतं. मी चहा घेतला आणि बाकड्यावर बसले. चहा अर्धा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बाकड्यावर बसले आहे.

मला भयंकर संताप आला. पुण्यातल्या कुठल्यातरी खोलीत बसून कुठल्यातरी टोणग्यानं रचलेल्या यंत्रानं मला, हेमलता डोंगरवारला, इतकं अचूक ओळखावं? माझे कॉल, माझी तिकिटं, मी न केलेले फोन, सगळं चाळून त्यानं ठरवून टाकलं होतं की ही बाई इथवर येईल आणि इथंच बसेल. आणि मी आज्ञाधारकपणे येऊन बसलेही होते. समोरच्या पाटीवर परतीच्या गाडीची वेळ लागली होती. पाच तास होते. पडछाया तेवढा वेळ इथंच काढत असणार. काय करत असेल ती? लोकांच्या पोरांच्या पायातले बूट बघून ओठाचा कोपरा वर करत असेल.

प्रणय बरोबर बोलला होता. न बोलताच बरोबर बोलला होता. मला रडू आलं, तिथंच, चारचौघांत. मग नाक पुसलं, कप टाकला आणि ऑटोवाल्याला पत्ता सांगितला.

दार मिहिकानं उघडलं. मला बघून हसली आणि त्याच क्षणी तिचा हात तोंडावर गेला. प्रणय बाहेर आला तो घाबरूनच.

"काय झालं? कोणाला काही...?"

"कोणाला काही नाही. तुम्हाला भेटायला आले."

त्याला विश्वास बसेना. पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून घाईघाईनं ओढणी नीट करत होती, तपासणीला साहेब आल्यासारखी. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो तिनं उचलला, तर मी म्हटलं राहू दे, आणि त्याच्या शेजारी बसले. तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती. मी काय बोलते याची तिघं वाट बघत होती, आणि माझ्या घरातली माणसं माझ्या तोंडाला किती भितात हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

मिहिकानं पाणी आणलं. येताना अर्धं सांडलं. मी उरलेलं प्यायले.

"मिहिका, मी तुझ्या दातांबद्दल बोलले होते," मी म्हटलं. "ते मी चुकीचं बोलले. तुझे दात छान आहेत."

पोरगी बापाकडं बघायला लागली. प्रणय भिंतीकडं बघत होता. बोलायला त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

"आई," तो म्हणाला, "परतीची गाडी किती वाजता आहे?"

"आहे संध्याकाळी," मी म्हटलं. "पण मी तिनं जाणार नाही. ठेवून घेशील का मला दोन दिवस?"

तो आतल्या खोलीत गेला, पलंगाखालून गादी ओढली, झटकली आणि तिच्यावर चादर घालायला लागला. चादर मळकी होती. घातलीही वाकडी. मी उठून तिचं दुसरं टोक धरलं.